चीजचा शेवटचा तुकडा

२० मे २०१२. पहाटेचे चार वाजून गेले होते. उत्तर इटलीतल्या एमिलिया भागात जमीन हादरली. नऊ दिवसांनी, २९ मेला, ती पुन्हा हादरली. माणसं दगावली, जुनी चर्च आणि घंटाघरं कोसळली, कारखान्यांची छपरं कामगारांच्या अंगावर आली. या बातम्यांच्या मागोमाग आणखी एक दृश्य जगभर गेलं. पार्मिजानो रेज्जानो या चीजची ती कोठारं होती. छताला टेकणाऱ्या लाकडी फळ्या, त्यांवर ओळीनं पिकायला ठेवलेली चीजची चाकं, आणि त्या मांडण्या एकमेकींवर कलंडून खाली झालेला ढीग. एकेक चाक सुमारे ४० किलोचं. पडलेल्या, तडकलेल्या चाकांची संख्या लाखांत होती.

या चीजच्या एका चाकाला साधारण ५५० लिटर दूध लागतं. निदान १२ महिने ते पिकतं. दोन-तीन वर्षं थांबणारेही पुष्कळ असतात. साल अखंड असेल तरच हे पिकणं नीट होतं. तडा गेला की हवा आत शिरते, बुरशी धरते. त्या उन्हाळ्यात एमिलियातल्या गवळ्यांच्या आणि चीज करणाऱ्यांच्या पदरात पडलं ते एका अर्थी डोंगराएवढं उरलेलं चीज होतं. ते लवकरात लवकर लोकांच्या पोटात जायला हवं होतं.

मोदेना शहरात 'ऑस्तेरिया फ्रान्चेस्काना' हे रेस्टॉरंट चालवणारे शेफ मास्सिमो बोत्तुरा यांनी तेव्हा एक पाककृती बेतली. कोणालाही आपल्या घरी करता येईल अशी. रोममध्ये 'काचो ए पेपे' नावाचा पास्ता करतात, त्यात मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज आणि काळी मिरी एवढंच असतं. बोत्तुरांनी पास्त्याच्या जागी तांदूळ घेतला आणि पेकोरिनोच्या जागी पार्मिजानो. ऑक्टोबर २०१२ मध्ये एक रात्र ठरवून देशोदेशींच्या हजारो लोकांनी तो भात आपापल्या घरी शिजवला. तडकलेलं चीज खपायला त्याची मोठी मदत झाली.

मदतीची ही गोष्ट मोठी आहेच, पण मला त्या भाताची कृती जास्त बोलकी वाटते. किसलेलं चीज पाण्यात घालून मंद आचेवर तापवायचं, तळाशी चिवट गोळा जमेपर्यंत. मग भांडं रात्रभर थंड ठेवायचं. सकाळी वर साईसारखा थर येतो, खाली गोळा राहतो, आणि मध्ये असतं पातळ, खमंग वासाचं पाणी. तांदूळ त्या पाण्यात शिजवायचा आणि शेवटी वरची साय त्यात घोटायची. चीज इथे भातावर भुरभुरलेलं नसतं, ते भातात मुरलेलं असतं.

युरोपातल्या घरांनी उरलेल्या चीजविषयी शेकडो वर्षांत जे जे शोधून काढलं, त्याचा गाभा मला हाच दिसतो. उरलेलं चीज हे तिथे मीठ आहे, मसाला आहे, रश्श्याचं बळ आहे. आपल्याकडे चीज आलं ते वरून किसून घालायची वस्तू म्हणून. सँडविचवर, पावभाजीवर, डोशावर. म्हणून शेवटचा तुकडा उरला की त्याचं काय करावं हे आपल्याला सुचत नाही. तो फ्रीजच्या दारात पडून राहतो, त्याच्या कडा पिवळट आणि काचेसारख्या कडक होतात, आणि महिन्याभरानं तो कचऱ्यात जातो.

एक किलो चीज व्हायला साधारण दहा लिटर दूध लागतं. शंभर ग्रॅमचा तुकडा टाकला की लिटरभर दूध मोरीत ओतल्यासारखंच आहे. दूध उतू गेलं तर ज्या घरात दिवसभर हळहळ होते, त्याच घरात हा तुकडा टाकताना कोणाला काही वाटत नाही, कारण त्यात दूध दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. हॉटेलं आणि दुकानं त्या मानानं मागे आहेत.

वास्तविक दुधाच्या बाबतीत मराठी घराइतकं चोख घर शोधूनही सापडणार नाही. साय साठते, तिला विरजण लागतं, लोणी निघतं, ताक होतं. ताक आंबलं तर कढी. लोणी कढवलं की तूप, आणि तुपाच्या तळाशी उरलेली बेरी साखर घालून पोरांच्या हातावर. दूध नासलं तर तेही आटवून, साखर-वेलदोडा घालून त्याची वडी करणाऱ्या आज्या आपण पाहिल्या आहेत. चीज ही याच घराण्यातली वस्तू आहे. आल्प्सच्या कुरणांवर उन्हाळ्यात गाई चरायच्या, दूध उदंड व्हायचं, गाव आणि बाजार लांब. ते दूध हिवाळ्यापर्यंत टिकवायचं कसं, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ती मोठाली चाकं. चीज मुळातच उरलेल्या दुधाची बेगमी आहे. तिथल्या गृहिणीला ते ठाऊक होतं, म्हणून तिनं चाकाची सालसुद्धा सोडली नाही.

सालीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. पार्मिजानोची साल म्हणजे मेण नव्हे, कापड नव्हे, वरून लावलेलं काहीही नव्हे. मिठाच्या पाण्यात मुरून आणि मग वर्षभर हवेत सुकून कडक झालेलं ते चीजच असतं. त्यावर ठिपक्यांनी उमटवलेलं नाव साच्याच्या दाबानं आलेलं असतं. ती ब्रशनं घासून धुवायची, सुरीनं वरचा पापुद्रा खरवडायचा, आणि भाज्यांच्या 'मिनेस्त्रोने' सुपात किंवा शिजत असलेल्या राजम्यात टाकायची. तासाभरात ती फुगते, मऊ होते आणि सगळ्या पातेल्याला चव देते. ही चव येते कुठून? जुन्या चीजमध्ये प्रथिनं फुटून मोकळं ग्लुटामेट तयार झालेलं असतं, शंभर ग्रॅममध्ये हजार मिलिग्रॅमहूनही जास्त. टोमॅटोत, सुकवलेल्या अळंब्यांत असतं तेच. सूप उकळून झालं की ती मऊ साल बाहेर काढून तिचे बारीक तुकडे करतात आणि पुन्हा सुपातच घालतात. काही घरांत ती निखाऱ्यावर भाजतात. फुलून आलेली, कुरकुरीत साल मुलं हातात घेऊन खातात.

हे चीज त्या भागात किती मोलाचं आहे हे समजायला एक व्यवहार पुरेसा आहे. क्रेदितो एमिलियानो ही बँक १९५३ पासून चीजची चाकं तारण ठेवून कर्ज देते. चाकं बँकेच्या कोठारात पिकत राहतात, तिथली माणसं ती पुसतात, उलटतात, ठोकून आवाज ऐकतात. चीज करणाऱ्याला रोख पैसे आज मिळतात, चीज दोन वर्षांनी तयार होतं.

आणि या चीजच्या दुधाशी आपल्या देशाचा एक खरा धागा आहे. पो नदीच्या खोऱ्यातल्या गोठ्यांत गेली काही दशकं पंजाबी शीख कामगार मोठ्या संख्येनं राबत आहेत. पहाटेची धार, गाईंची निगा, गोठ्याची सफाई यांत त्यांचा हात आहे. रेज्जो एमिलिया जिल्ह्यातल्या नोव्हेलारा गावात २००० साली गुरुद्वारा उभा राहिला, तेव्हा उद्घाटनाला युरोपीय आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष रोमानो प्रोदी आले होते. इटलीचं सगळ्यात अभिमानाचं चीज ज्या दुधातून येतं, त्यातलं बरंच दूध होशियारपूर-जालंधरकडच्या हातांनी काढलेलं असतं, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही.

शाकाहारी वाचकांसाठी इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगते. अस्सल पार्मिजानो रेज्जानोच्या नियमांत वासराच्या जठरातून मिळणारं विरजणच, म्हणजे रेनेट, वापरायचं असतं. ते शाकाहारी नाही. भारतात तयार होणारी चीज साधारणपणे सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटची असतात. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घ्यावा. पार्मेझान पद्धतीचं हिरव्या ठिपक्याचं चीज मिळतं, पण त्याला नैसर्गिक साल असेलच असं नाही. मेण किंवा प्लास्टिकचा लेप असेल तर ती साल पातेल्यात टाकायची नाही. परदेशातून येणारे नातेवाईक जे लाल-पिवळ्या मेणातलं गाऊडा किंवा एडाम आणतात, त्याचंही तेच.

सालीनंतर चुरा. एमिलियाच्या शेजारी रोमान्या आहे. तिथे शिळ्या पावाचा चुरा, किसलेलं चीज आणि अंडी एकत्र मळून, त्यात जायफळ आणि लिंबाची साल किसून घालतात. तो गोळा भोकांच्या लोखंडी साच्यातून थेट उकळत्या रश्श्यात पाडतात. या जाडसर शेवयांना 'पासातेल्ली' म्हणतात. पेल्लेग्रीनो आर्तुसी या रोमान्याच्याच गृहस्थानं १८९१ मध्ये स्वखर्चानं छापलेल्या आणि इटलीच्या घराघरांत पोचलेल्या पाकग्रंथात पासातेल्ली आहेत. २०१५ मध्ये मिलानला जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा बोत्तुरा आणि तिथल्या कारितास संस्थेनं एका पडीक नाट्यगृहात बेघरांसाठी भोजनगृह उघडलं. प्रदर्शनातून उरलेलं अन्न तिथे यायचं आणि जगभरचे नामवंत शेफ येऊन ते शिजवायचे. शिळ्या पावाच्या पासातेल्ली तिथेही झाल्या. अंडं चालत असेल तर आपल्या घरी हा पदार्थ सहज होतो. शेवेच्या सोऱ्याला सगळ्यात जाड भोकांची ताटली लावायची, एवढंच. चुरा दोन वाट्या, चीज दीड वाटी, तीन अंडी, आणि मीठ अगदी बेतानं, कारण चीजमध्ये ते असतंच. मळलेला गोळा अर्धा तास झाकून ठेवला नाही तर शेवया पाण्यात विरतात.

मला स्वतःला या सगळ्यांत जास्त जवळचं वाटतं ते फ्रियुलीचं 'फ्रिको'. फ्रियुली हा इटलीचा ईशान्य कोपरा, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियाला लागून असलेला, दीर्घकाळ गरीब राहिलेला डोंगराळ मुलूख. तिथे मोंतासियो नावाचं चीज बनतं. साच्यात दाबलेल्या चीजच्या कडा कापून सारख्या करताना ज्या पट्ट्या निघत, त्या विकल्या जात नसत. त्या घरी येत, आणि त्यांचा फ्रिको होई. आता दुकानातून आणलेल्या चीजचाच करतात, वेगवेगळ्या वयाचे तुकडे मिसळून. कोवळं चीज वितळून बांधून ठेवतं, जुनं चीज चव देतं.

कृती अशी. दोन मोठे बटाटे सोलून जाड किसणीवर किसा. एक कांदा पातळ चिरून चमचाभर तेलावर किंवा लोण्यावर मंद परता, रंग येऊ न देता. त्यात बटाट्याचा कीस, थोडं पाणी, मिरपूड घाला आणि झाकण ठेवून बटाटा पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. आता बटाट्याच्या निम्म्याहून थोडं जास्त चीज घाला: पिझ्झाच्या दिवशी उरलेलं मोझरेला, चेडरचा सुकलेला कोपरा, गाऊडाचं टोक, जे असेल ते किसून. लाकडी उलथन्यानं घोटा. काही मिनिटांत सगळं मिळून चिकट गोळा होतो आणि कडेला तूप सुटल्यासारखी चरबी दिसू लागते. इथून पुढे हलवायचं नाही. तव्यावर थापल्यासारखं सपाट करून मध्यम आचेवर खालची बाजू लालसर, खरपूस होऊ द्या. ताटलीवर उलटा आणि दुसरी बाजू भाजा. घाई करणाऱ्याच्या हाती लगदा लागतो. बाजू भाजून झाली की ती तव्यापासून आपोआप सुटते, तोपर्यंत उलथनं लावायचं नाही. वरून तीळ-मिरचीचा ठेचा आणि सोबत ज्वारीची भाकरी असली की हे पोटभर जेवण होतं. फ्रियुलीत ते मक्याच्या पोलेंटाबरोबर खातात.

कोणतं चीज कसं वागेल याचा अंदाज असला की कृतीची गरज फारशी उरत नाही. चीजमधल्या केसीन या प्रथिनाच्या साखळ्या कॅल्शियमनं बांधलेल्या असतात. कोवळ्या मोझरेलात त्या लांब आणि अखंड असतात, म्हणून ते ताणलं जातं. जास्त तापवलं की पाणी सोडून रबरी होतं. पिकत जाईल तसतशा साखळ्या तुटतात. म्हणून जुनं चेडर तार धरत नाही, पटकन वितळतं आणि आच जास्त झाली तर तेल सोडून फाटतं. पनीर लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या आंबटानं फाडलेलं असल्यानं वितळतच नाही. ते कितीही तापवा, तुकडा तुकडाच राहतो. पनीर उरलं तर ते कुस्करायचं, चीजच्या सॉसमध्ये घालायच्या भानगडीत पडायचं नाही.

चीज फाटू नये म्हणून स्विस लोकांनी वाइनचा उपाय काढला. फाँड्यूत वाइनमधलं आम्ल केसीनच्या साखळ्यांपासून कॅल्शियम अलग करतं, त्यामुळे चीजच्या गाठी होत नाहीत; बरोबर पिठाचा हात असतो. वाइन नको असेल तर लिंबाचे काही थेंब आणि शंभर ग्रॅम किसाला सपाट चमचाभर कॉर्नफ्लोअर एवढ्यावर काम भागतं, फक्त आच मंद हवी. फाँड्यूच्या भांड्याच्या तळाशी शेवटी जो खरपूस पापुद्रा उरतो, तो खरवडून वाटून खाणं हा त्या जेवणातला मानाचा भाग असतो. आपल्याकडे दुधाच्या पातेल्याची खरवड खाणाऱ्यांना त्याचं कारण सांगायला नको.

फ्रान्समध्ये लियाँच्या आसपास याहून सोपी रीत आहे. 'फ्रोमाज फोर', म्हणजे तिखट वासाचं, मुरलेलं चीज. जाक पेपँ या शेफचा जन्म १९३५ चा, लियाँजवळच्या बूर्ग-आँ-ब्रेसचा. त्याच्या आईनं पुढे लियाँत रेस्टॉरंट चालवलं. त्याचे वडील घरात उरलेले सगळे तुकडे, कामांबेर, ब्री, स्विस, निळ्या बुरशीचं, बकरीच्या दुधाचं, असे सगळे एका मातीच्या भांड्यात साठवत. त्यात लसूण, पांढरी वाइन आणि लीकच्या भाजीचं शिजलेलं पाणी. भांडं थंड तळघरात आठवडा-दीड आठवडा मुरायचं. अमेरिकेत गेल्यावर पेपँनं त्याची मिक्सरमधली आवृत्ती लोकप्रिय केली: पाव किलो तुकडे, लसणाची एक पाकळी, पाव कप वाइन, भरपूर मिरी, मिक्सर अर्धा मिनिट. पावावर लावायचं, वाटलं तर भट्टीत फुलवायचं.

आपल्या हवेत चीज बाहेर मुरवत ठेवू नये, फ्रीजमध्येच ठेवावं आणि आठवड्यात संपवावं. वाइनच्या जागी कांद्याची पात किंवा बटाटे उकळलेलं गार पाणी घेतलं तरी चालतं. लिंबू चार थेंब. भारतीय तुकडे सौम्य असतात, म्हणून लसूण थोडा जास्त आणि मिरी ताजी कुटलेली. शिळी ज्वारीची भाकरी तव्यावर कडक भाजून तिच्यावर हे लावलं की आलेला पाहुणा दुसरा तुकडा मागतो. फक्त बुरशी धरलेला तुकडा या भांड्यात घालायचा नाही. निळ्या चीजची बुरशी मुद्दाम लावलेली, निवडलेल्या जातीची असते. आपल्या फ्रीजमध्ये आलेली बुरशी कोणती आहे ते कळायला मार्ग नसतो.

इंग्रजांची तऱ्हा लोण्याची. हॅना ग्लासच्या १७४७ च्या पाकपुस्तकात चेशायर चीज लोण्याबरोबर कुटून, त्यात गोड वाइन आणि जायपत्री घालून भांड्यात दाबायची कृती आहे. चीज संपवायचं कसं यापेक्षा ते पुरवायचं कसं, हा प्रश्न त्यांना १९४१ मध्ये पडला. मे महिन्यात चीजचं रेशनिंग सुरू झालं, तेव्हा माणशी आठवड्याला मिळायचं फक्त एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम. आपल्याकडच्या चीजच्या एका क्यूबहून जेमतेम जास्त. पुढे हे प्रमाण वाढलं, पण रेशनिंग पुरतं संपायला १९५४ उजाडलं. त्या काळात चीजसाठीचं जवळजवळ सगळं दूध एकाच पद्धतीच्या सरकारी चेडरकडे वळवलं गेलं आणि गावोगावची कितीतरी चीज कायमची बुडाली. मांसाहार न करणाऱ्यांना मटणाऐवजी चीजचा जादा वाटा मिळत असे, हीही एक नोंद.

आता आपल्या क्यूबकडे. आपल्या घरात सगळ्यात जास्त उरतं ते प्रोसेस्ड चीज, आणि ते कसं आलं ही कहाणी या विषयाच्या थेट मध्यावर बसते. स्वित्झर्लंडच्या थून गावात १९११ मध्ये वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्स श्टेट्लर यांनी एमेंटाल चीज सोडियम सिट्रेटबरोबर वितळवून, पुन्हा घट्ट करून पाहिलं. गरम देशांत पाठवताना चीज टिकावं हा त्यांचा हेतू होता. सोडियम सिट्रेट केसीनचं कॅल्शियम ओढून घेतं, प्रथिन पाण्यात मोकळं होतं आणि चरबीला धरून ठेवतं. त्यामुळे चीज फाटत नाही. अमेरिकेत जेम्स क्राफ्टनं १९१६ मध्ये आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आणि न्यूयॉर्क राज्यातल्या मनरो गावात, मनरो चीज कंपनीपुढे वेगळीच अडचण होती: तुटलेली चाकं आणि कापताना पडलेले तुकडे यांचं करायचं काय? तिथे काम करणारे, स्वित्झर्लंडहून आलेले एमिल फ्राय यांनी ते तुकडे घरी नेऊन स्वयंपाकघरातल्या शेगडीवर प्रयोग केले. १९१८ मध्ये त्यांना जमलं. तुकडे आणि चीज करताना निघणारी निवळी एकत्र करून त्यांनी मऊ, न फाटणारी वडी तयार केली. तिचं नाव वेलव्हीटा. १९२७ मध्ये क्राफ्टनं वेलव्हीटाची कंपनी विकत घेतली.

म्हणजे दुकानाच्या फ्रीजमध्ये शिस्तीत मांडलेल्या चौकोनी चीजच्या घराण्यात उरलेल्या तुकड्यांचं रक्त आहे. आपल्याकडे हे चीज रुजलं ते गुजरातमधल्या आणंदमुळे. १९६० च्या सुमारास खेडा जिल्हा दूध संघानं तिथे वर्षाला ६०० टन चीज करण्याची सोय उभी केली, तीही म्हशीच्या दुधापासून.  त्याआधी मुंबई-गोव्याच्या ठरावीक घरांत आयात डब्यांतलं चीज असे. पुढे आखातातून येणाऱ्या माणसांच्या सामानात क्राफ्टचा निळा डबा ठरलेला असायचा. बाकी महाराष्ट्राला चीज भेटलं ते या क्यूबच्या आणि स्लाइसच्या रूपात, साल नसलेलं, न पिकणारं, नेहमी एकाच चवीचं. उरलेल्याशी काय करायचं हे शिकायची संधीच त्यानं आपल्याला दिली नाही.

पण याच क्यूबमध्ये एक गुण आहे, आणि तो उपयोगात आणणारी घरं मला फार कमी दिसली. त्यातले सोडियम सिट्रेटसारखे क्षार दुसऱ्या चीजलाही सांभाळतात. अर्धी वाटी गरम दुधात एक क्यूब किसून विरघळवा आणि मग त्यात उरलेलं चेडर, गाऊडा, पार्मेझान थोडं थोडं घाला. सॉस फाटत नाही, गाठी होत नाहीत, मैदा लागत नाही. उकडलेल्या फ्लॉवरवर, मक्याच्या दाण्यांवर, मुलांच्या मॅकरोनीत हा सॉस जातो. स्लाइस सुकल्या असतील तर त्यांचीही याच दुधात गत लागते. मीठ मात्र शेवटी, चव बघून.

साठवण आणि टाकून देणं, दोन्हींबद्दल कडक राहिलेलं बरं. कडक चीजच्या वडीवर बुरशीचा ठिपका दिसला तर त्याच्या भोवतीचा आणि खालचा इंचभर भाग कापून टाकून उरलेलं वापरता येतं. सुरी बुरशीतून ओढायची नाही. किसलेल्या, स्लाइसच्या, मऊ किंवा क्रीमसारख्या चीजला बुरशी लागली की सगळं टाकायचं. त्यांत बुरशीचे धागे दिसत नाहीत तिथपर्यंत गेलेले असतात. गरोदर बाईनं मऊ आणि कच्च्या दुधाची चीज न शिजवता खाऊ नयेत, लिस्टेरियाचा धोका असतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात वडी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळली की आत पाणी धरतं. आधी बटर पेपर आणि त्यावर सैल पिशवी, हे ठीक. फ्रीजरमध्ये चीज महिनोन् महिने टिकतं. बाहेर काढल्यावर ते भुसभुशीत होतं, पावावर ठेवून खायला बरं लागत नाही, पण शिजवायला अगदी उत्तम. मोझरेलाचा कीस गोठलेला तसाच तव्यावर टाकावा.

आणि सगळ्यात चीज घालू नका. गोडा मसाला, चिंच-गूळ, कोकम यांच्यापुढे ते हरतं आणि त्या पदार्थालाही बिघडवतं. बटाटा, कांदा, मका, पालक, फ्लॉवर, टोमॅटो, राजमा, काबुली चणे ही त्याची खरी सोबत आहे. पुरणात, आमटीत, अळूच्या फतफत्यात त्याचं काम नाही.

दिवाळीत घरोघरी पाहुण्यांसाठी पाकिटं फुटतील आणि भाऊबीजेनंतर फ्रीजमध्ये तुकडे उरतील. ते त्याच दिवशी किसून, डब्यावर तारीख लिहून फ्रीजरमध्ये टाका. सालींचा डबा वेगळा ठेवा. आणि पहिली साल टोमॅटोच्या सुपात घालून पाहा: चार टोमॅटो, एक गाजर, अर्धा कांदा, धुऊन खरवडलेली साल, मंद आचेवर पाऊण तास. साल बाहेर काढा, बाकीचं मिक्सरमधून फिरवा, आणि चव घेतल्याशिवाय मीठ घालू नका.